मरियेचं चित्र वेदीवरून का उतरवलं?

प्रश्न असा आला आहे: "पॅरिसला लूव्रमध्ये कॅराव्हाज्जोचं 'मरियेचा मृत्यू' हे भलंमोठं चित्र पाहिलं. गाईड म्हणाला, टायबर नदीत बुडून मेलेल्या एका वेश्येचं प्रेत समोर ठेवून चित्रकाराने ते काढलं, फुगलेलं पोट बघा. म्हणून चर्चने ते हाकललं. हे कितपत खरं? आणि रोममधल्या वेदीसाठी काढलेलं चित्र पॅरिसला पोचलं कसं?"

तैलचित्रांची डागडुजी आणि जतन हा माझा धंदा. पंचवीसेक वर्षं झाली. त्यातली सुरुवातीची काही रोममध्ये शिकण्यात गेली, तेव्हा हे चित्र जिथे टांगायचं होतं ती जागा माझ्या रोजच्या वाटेवर होती. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी नदीचं बघू. या चित्राबद्दल ज्यांनी सुरुवातीला लिहून ठेवलं असे तिघे जण आहेत. ज्युलिओ मान्चिनी हा रोममधला डॉक्टर, कॅराव्हाज्जोचा समकालीन. जोव्हान्नी बाल्योने हा चित्रकार, त्याचं पुस्तक 1642 चं. आणि जोव्हान्नी पिएत्रो बेल्लोरी, 1672 चा. मान्चिनी म्हणतो, मरियेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, जागी कॅराव्हाज्जोने आपल्या आवडत्या एका गणिकेला रंगवलं म्हणून साधूंनी चित्र काढायला लावलं. बाल्योने म्हणतो, मरिया फुगलेली आणि पाय उघडे टाकलेली दाखवली, मर्यादा पाळली नाही, म्हणून काढलं. बेल्लोरी म्हणतो, फुगलेल्या मेलेल्या बाईची हुबेहूब नक्कल केली म्हणून. बुडण्याची गोष्ट तिघांतल्या एकाकडेही नाही. बेल्लोरीची 'फुगलेली बाई' आणि मान्चिनीची 'गणिका' एकत्र करून पुढे कुणीतरी तिला नदीत ढकलली. गाईडच्या तोंडी ती चांगली शोभते, पण ती गोष्टच आहे.

हे तिघेही साक्षीदार म्हणून उभे केले तर उलटतपासणीत थोडे डळमळतात, हेही सांगायला हवं. बाल्योनेने 1603 मध्ये कॅराव्हाज्जोवर बदनामीचा खटला भरला होता. बाल्योनेविषयी अश्लील कविता रोमभर फिरल्या होत्या. तो चांगलं बोलेल अशी अपेक्षाच नको. बेल्लोरी दोन पिढ्यांनंतरचा, आणि त्याची सारी निष्ठा जुन्या चित्रकार राफाएलच्या शैलीशी. राहिला मान्चिनी. हा गृहस्थ लिहितो की चित्रातली बाई बदनाम वस्तीतली आहे, आणि आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रांतून दिसतं की हेच चित्र विकत घ्यायला तो स्वतः धडपडत होता! धंद्यातली माणसं हे लगेच ओळखतील. ज्या मालावर डोळा असतो त्याची निंदा आपण अशीच करतो.

त्या बाईचं नाव काय, यावर आजही दोन-तीन नावं फिरतात. कागद एकाही नावाला नाही. मी त्यात पडत नाही, कारण माझ्या मते चित्र उतरवण्याचं खरं कारण मॉडेलमध्ये नाहीच. ते करारातल्या दोन शब्दांत आहे.

करार झाला जून 1601 मध्ये. चित्र मागणारा लाएर्त्सिओ केरुबिनी हा मूळचा नॉर्चा गावचा, पोपच्या दरबारी वजन असलेला वकील. पोपांची फर्मानं गोळा करून छापणारा म्हणून त्याचं नाव आजही टिकून आहे. त्या संग्रहाची पहिली आवृत्ती 1586 ची. म्हणजे धर्माच्या बाबतीत काय चालतं आणि काय चालत नाही हे याच्याइतकं पक्कं माहीत असलेला माणूस रोममध्ये शोधावा लागला असता. त्रास्तेव्हेरे भागात तेव्हा बांधकाम चालू असलेल्या सांता मारिया देल्ला स्काला या चर्चमध्ये त्याने एक चॅपल घेतलं. चॅपल घेणं म्हणजे भिंतीतला एक कोनाडा आपल्या खर्चाने सजवायचा, तिथे आपल्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे वेदीपुढची उपासना, होत राहतील याची तजवीज करायची. त्या कोनाड्यातल्या वेदीवर टांगायला चित्र हवं होतं. मुदत एक वर्षाची. किंमत ठरवायची मार्क्वेस व्हिन्चेन्सो जुस्तिनियानीने, जो स्वतः कॅराव्हाज्जोचा मोठा गिऱ्हाईक. लवाद म्हणून चित्रकाराच्या बाजूचाच माणूस; केरुबिनीला चित्रकार हवाच होता हे यावरून कळतं.

आणि विषय? लॅटिन करारात लिहिलंय, धन्य कुमारी मरियेचं 'मोर्तेम सिव्हे त्रान्सितुम', म्हणजे 'मृत्यू किंवा प्रयाण'.

हे 'किंवा' नीट वाचा. मराठी वाचकाला ते समजावायला फार लांब जावं लागत नाही. तुकोबांचं 'देहावसान' झालं असं देहूत कुणी म्हणणार नाही, तिथे 'वैकुंठगमन' म्हणतात, आणि तेही सदेह. शब्द बदलला की सगळंच बदलतं. मरियेच्या बाबतीत कॅथलिक परंपरेची श्रद्धा अशीच: तिचा देह मातीला मिळाला नाही, तिला सदेह स्वर्गात उचलून घेतलं. वसईकडची मंडळी 15 ऑगस्टला स्वर्गउन्नयनाचा सण करतात तो हाच. चर्चने याला अधिकृत सिद्धांताचं रूप दिलं ते मात्र थेट 1950 मध्ये, पोप बाराव्या पायसने. 1601 मध्ये श्रद्धा पक्की होती, पण त्याआधी ती मेली की नुसती झोपी गेली, वेदना झाल्या की नाही, यावर धर्मपंडितांत एकमत नव्हतं. म्हणून करार लिहिणाऱ्याने दोन्ही शब्द घातले. वकिलाच्या घरचा करार, पळवाट ठेवलेली. शेकडो वर्षं चित्रकार ही पळवाट वापरत आले होते: मरिया पलंगावर, डोळे मिटलेले किंवा अर्धे उघडे, हात जोडलेले, भोवती येशूचे शिष्य मेणबत्त्या घेऊन, आणि वर ढगांत ख्रिस्त तिला घ्यायला आलेला. मृत्यूही झाला आणि प्रयाणही.

कॅराव्हाज्जोने 'किंवा'च्या अलीकडचा शब्द उचलला आणि पलीकडचा सोडून दिला.

आता चित्राजवळ या. बारा फूट उंच, आठ फूट रुंद. मोजून 369 बाय 245 सेंटिमीटर. वरचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसता अंधार, लाकडी छत आणि एक लाल पडदा. ढग नाहीत, देवदूत नाहीत, ख्रिस्त नाही. खाली साध्या पलंगावर लाल झग्यातली बाई आडवी. झग्याची पुढची नाडी सैल केलेली आहे, श्वास अडकला की घरचे लोक करतात तशी. एक हात पोटावर, दुसरा उशीवरून बाहेर येऊन मनगटापाशी लोंबतोय. पावलं उघडी आणि ताठ, पलंगाच्या टोकाशी. डोक्याभोवती केसाएवढी बारीक सोनेरी रेघ, प्रभावळीची, तीही शोधावी लागते. ती काढून टाकली तर ही देवाची आई आहे हे सांगायला चित्रात दुसरं काही नाही.

भोवती शिष्य. म्हातारे, टकले, अनवाणी, आणि काय करावं हे न कळणारे. मयताच्या घरी पुरुष मागे ओळीने उभे राहतात ना, एकमेकांकडे न बघता, ते असेच. एकाने डोळे चोळलेत, डोक्याशी उभ्या असलेल्या योहानाने गालाला हात लावलाय. प्रकाश डावीकडून वरून येतो, त्यांच्या टकलांवरून घसरत बाईच्या चेहऱ्यावर थांबतो. सगळ्यांत पुढे, आपल्या सर्वांत जवळ, बुटक्या खुर्चीवर येशूची शिष्या मरिया माग्दालेना कमरेत दुमडून बसली आहे. चेहरा दिसत नाही, फक्त मान, केसांचा बांधलेला पेड आणि कान. तिच्या पायांपाशी तांब्याचं घंगाळ.

ते घंगाळ मी पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा आमच्या शिक्षिकेने विचारलं होतं, हे कशाला आहे? वर्गातल्या इटालियन मुलांनी प्रतीकं शोधायला सुरुवात केली. मी म्हणालो, मयताला अंघोळ घालायला. त्या हसल्या. घंगाळाच्या काठावर कापड आहे. अंघोळ घालून झाली असावी किंवा घालायची असावी, आणि जिच्यावर ते काम होतं तिच्या हातून ते होत नाहीये. चित्रातली सगळी कथा मला त्या भांड्यात दिसते.

आता हीच गोष्ट वेदीवर ठेवून बघा, कारण वेदीचित्र हे म्युझियमच्या भिंतीवरच्या चित्रासारखं पाहायचंच नसतं. आपल्याकडे जुन्या गोव्यातल्या सी कॅथेड्रलची मुख्य वेदी ज्यांनी पाहिली असेल त्यांना कल्पना येईल: मागची भिंत खालपासून वरपर्यंत कोरीव, सोन्याने मढवलेली, आणि समोर दगडी चौथऱ्यावर फादर. गोव्यात हे काम बहुतेक लाकडी कोरीवकाम आणि मूर्ती करतात, रोममध्ये सतराव्या शतकात ते मोठ्या कॅनव्हासकडे आलं होतं. पण काम तेच. त्या काळी फादर लोकांकडे पाठ करून, वेदीकडे तोंड करून मिस्सा म्हणायचा. भाकर वर उचलायचा ती चित्राच्या समोर. म्हणजे भक्ताला जे दिसतं ते असं: पाठमोरा फादर, त्याच्या वर उचललेले हात, आणि त्या हातांच्या मागे चित्र. 'हे माझं शरीर आहे' हे शब्द उच्चारले जात असताना मागे एक खरंखुरं, थंड पडलेलं शरीर. माझ्या दृष्टीने याहून भेदक कल्पना वेदीसाठी कुणी केली नसेल. पण ज्या साधूंना रोज पहाटे तिथे उभं राहायचं होतं त्यांचंही ऐकायला हवं.

हे साधू होते अनवाणी कार्मेलाइट. स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेसाच्या सुधारणेतून निघालेला पंथ, रोममध्ये तसा नवा. पोप आठव्या क्लेमेंटने 1597 मध्ये हे चर्च त्यांच्या हवाली केलं. चर्चचं मूळ म्हणजे एका घराच्या जिन्याखाली टांगलेली मरियेची तसबीर. तिच्यापुढे नवस बोलल्यावर एक अपंग मूल बरं झालं अशी कथा, आणि 'स्काला' म्हणजे जिना. सगळं चर्चच मरियेच्या चमत्कारावर उभं. अनवाणी म्हणवणाऱ्या साधूंनी उघड्या पायांच्या चित्राला हरकत घ्यावी यात गंमत आहे खरी, पण मरियेचे पाय आणि शिष्यांचे पाय यांत त्यांना फरक करावासा वाटला यात नवल नाही.

शिवाय डोक्यावर ट्रेंटच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मपरिषदेचा ठराव होता. डिसेंबर 1563 मध्ये, परिषद संपता संपता, चित्रांविषयी एक छोटा हुकूम निघाला: चर्चमध्ये बिशपच्या संमतीशिवाय कुठलीही 'अनोखी' प्रतिमा लावायची नाही, असभ्य काही चालणार नाही, अडाणी माणसाची दिशाभूल होईल असं काही नको. प्रोटेस्टंट लोक मूर्ती-चित्रं फोडत होते, त्याला हे उत्तर. आता या चष्म्यातून आपलं चित्र बघा. मरिया नुसतीच मेलेली, वर स्वर्गाची वाट नाही. अडाणी भक्त घरी जाऊन काय म्हणेल? आपल्यासारखीच मेली की.

इथे भाषेतली एक बारीक गोष्ट. मान्चिनी आणि बाल्योने दोघेही 'लेव्हारे' हे क्रियापद वापरतात: काढणं, उतरवणं. 'स्वीकारलं नाही' असं ते लिहीत नाहीत. म्हणजे चित्र काही दिवस तरी वेदीवर लागलं असावं, लोकांनी पाहिलं असावं, आणि मग उतरलं. शीर्षकात मी 'उतरवलं' लिहिलं ते म्हणून. आणि ते केव्हा? करारातली मुदत 1602 ची, पण शैली पाहता बहुतेक जाणकार चित्र 1605–06 च्या आसपासचं मानतात. कॅराव्हाज्जो मुदती पाळणाऱ्यांतला नव्हता. 28 मे 1606 ला त्याच्या हातून रानुच्चिओ तोमास्सोनीचा खून झाला आणि तो रोम सोडून पळाला. त्यानंतर चित्राची बाजू मांडायला चित्रकार शहरातच नव्हता. याचा उतरवण्याशी किती संबंध, हे कागद सांगत नाहीत. पण फरारी खुन्याचं चित्र वेदीवर ठेवायचं की नाही हा विचार कुणाच्याच मनात आला नसेल असं मला वाटत नाही.

माझा मुद्दा दोन शब्दांचा होता. त्याला पुरावा त्याच चर्चमध्ये आजही लटकतोय. साधूंनी त्याच विषयावरचं दुसरं चित्र कार्लो साराचेनीकडून करून घेतलं. साराचेनीने मरियेला उशांच्या आधाराने उठवून बसवली, हात जोडलेले, डोळ्यांत प्राण. मेलेली नाही, निघालेली आहे. तरी त्याचं पहिलं चित्र पसंत पडलं नाही, कारण वरच्या भागात त्याने नुसती इमारतीची कमान आणि खांब काढले होते. दुसऱ्या वेळी त्याने खांबांच्या जागी गाणाऱ्या देवदूतांचा थवा आणला, आणि ते मंजूर झालं. आता सांगा, साराचेनीच्या पहिल्या चित्रात कुठे होती गणिका? कुठे होतं फुगलेलं पोट? तरीही ते परत गेलं. साधूंना चित्रात वर काहीतरी उघडलेलं हवं होतं. त्यांना 'त्रान्सितुम' हवं होतं.

साराचेनीचं चित्र वाईट नाही. गोड आहे, नीट आहे, सभ्य आहे. रोममध्ये मी ते अनेकदा पाहिलं आणि बाहेर पडल्यावर त्यातलं काहीही आठवत नसे.

उतरवलेल्या चित्राचं पुढे काय झालं, तो भाग मला सर्वांत आवडतो, कारण त्यात एक चित्रकार दुसऱ्याच्या कामाची कदर करताना दिसतो. मांतुआचा ड्यूक व्हिन्चेन्सो गोन्झागा याच्या पदरी तेव्हा एक तरुण फ्लेमिश चित्रकार होता, पीटर पॉल रुबेन्स. 1607 च्या सुरुवातीला रुबेन्स रोममध्येच होता. त्याने ड्यूकला कळवलं, हे चित्र सोडू नका. ड्यूकचा रोममधला प्रतिनिधी जोव्हान्नी माग्नो याची पत्रं शिल्लक आहेत. माग्नो प्रामाणिक माणूस. तो लिहितो की मला स्वतःला यात डोळ्याला सुखावणारं काही दिसत नाही, पण जाणकार म्हणतात ते मी मानतो. असा सरकारी अधिकारी आज मिळाला तर मी त्याचा फोटो स्टुडिओत लावीन. सौदा 280 स्कुदोंना (रोमची तेव्हाची नाणी) ठरला. मग रोममधल्या चित्रकारांनी हट्ट धरला की चित्र शहर सोडण्याआधी आम्हाला बघू द्या, आजवर ते कुणाला नीट पाहायलाच मिळालेलं नाही. माग्नोने एप्रिलमध्ये आठवडाभर ते सर्वांसाठी खुलं ठेवलं, नक्कल करायला मात्र मनाई. पेटी रुबेन्सने स्वतःच्या देखरेखीखाली बनवून घेतली, आणि एप्रिल संपता संपता चित्र मांतुआला रवाना झालं.

त्या आठवड्यात काय घडलं ते लक्षात घ्या. तोवर हे चित्र एका वेदीचा भाग होतं, त्याचं मोजमाप, प्रकाश, उंची सगळं त्या कोनाड्यासाठी. आठ दिवसांत ते चित्रकारांनी चित्र म्हणून बघायची वस्तू झालं. म्युझियम नावाची गोष्ट अजून जन्मायची होती.

आणि रुबेन्स वेदीचित्रांच्या दुखण्याला अनोळखी नव्हता. किंबहुना त्याच्यावरही तीच पाळी यायची होती. तेव्हा तो किएझा नुओव्हा या चर्चच्या मुख्य वेदीसाठी कॅनव्हासवर मोठं चित्र करत होता. लावून पाहिलं तर वेदीवर पडणारा प्रकाश तेलरंगावर असा काही चमकत होता की आकृती दिसेचनात. फेब्रुवारी 1608 च्या पत्रात त्याने हे स्वतः लिहिलंय. त्याने ते काढून घेतलं आणि दुसऱ्यांदा सगळं पाटीच्या दगडावर रंगवलं, जो चमक गिळतो. पहिला कॅनव्हास त्याने ड्यूकला देऊ केला. ड्यूकने घेतला नाही! शेवटी त्याने तो अँटवर्पला नेऊन आपल्या आईच्या थडग्यावर लावला. आज तो फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या म्युझियममध्ये आहे. त्यात विषयाचा दोष नव्हता, मॉडेलचा नव्हता. खिडकी आडवी आली.

मांतुआहून पॅरिस, हा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेक पैशाचा इतिहास आहे. गोन्झागांची तिजोरी रिकामी झाली तेव्हा 1627–28 मध्ये त्यांनी संग्रहातली निवडक चित्रं इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला विकली. व्यवहार जुळवला व्हेनिसमधल्या दानिएल नेइस या व्यापाऱ्याने. दोनच वर्षांनी, 1630 मध्ये, पवित्र रोमन सम्राटाच्या फौजांनी मांतुआ लुटलं, तेव्हा विक्रीमुळे ही चित्रं वाचली असंही म्हणता येतं. जानेवारी 1649 मध्ये चार्ल्सचं डोकं उडवलं आणि पार्लमेंटने त्याचा संग्रह विकायला काढला. त्यातून हे चित्र एव्हरहार्ट याबाख या मूळच्या कोलोनच्या, पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या सावकाराकडे आलं. तोही पुढे अडचणीत आला आणि 1671 मध्ये त्याने आपला संग्रह चौदाव्या लुईला विकला. राजाचा संग्रह क्रांतीनंतर राष्ट्राचा झाला, 1793 मध्ये लूव्र लोकांसाठी उघडलं. एका वकिलाने आपल्या आत्म्यासाठी मागवलेल्या चित्राचे इतके मालक झाले.

प्रश्नात नाही, पण विचारलं जातंच म्हणून सांगतो: चित्र इतकं काळं का? थोडं मुळातलं, थोडं वयाचं. कॅराव्हाज्जो आधी कॅनव्हासवर गडद तपकिरी अस्तर चढवायचा आणि सावलीच्या ठिकाणी ते तसंच उघडं सोडायचा. रंग फक्त उजेडाला लावायचा. काम झपाट्याने होतं, खर्च कमी, परिणाम जबरदस्त. त्याची कागदावरची रेखाटनं सापडलेली नाहीत. ओल्या अस्तरात ब्रशच्या दांड्याने ओढलेल्या खुणा मात्र त्याच्या बऱ्याच चित्रांत तिरप्या प्रकाशात दिसतात. पण तेलरंग जुना होत गेला की पारदर्शक होत जातो, आणि मग खालचं तपकिरी वर डोकावतं. त्यात व्हार्निश पिवळं पडतं, मेणबत्त्यांची काजळी बसते. 1607 मध्ये रोमच्या चित्रकारांनी पाहिलं त्या चित्रातल्या मधल्या छटा आज आपण पाहतो त्याहून नक्कीच जास्त असणार.

यावरून आठवलं. काही वर्षांपूर्वी कोकणपट्टीतल्या एका जुन्या चर्चमधून मला बोलावणं आलं, वेदीवरचं चित्र 'अचानक काळं पडलं' म्हणून. शिडी लावून वर चढलो तर खोबरेल तेलाचा वास! सणाच्या आधी कुणी भाविकाने ते चित्र श्रद्धेने तेलाने पुसलं होतं, चमक यावी म्हणून, आणि अशी कैक वर्षं पुसत आले होते. तेलावर धूळ, धुळीवर तेल. साफ करताना थरांमागून थर निघत गेले आणि खाली एका संताच्या पायांशी रंगवलेला कुत्रा निघाला, जो गावात कुणालाच माहीत नव्हता. तिथल्या म्हाताऱ्या बायकांना तो कुत्रा अजिबात आवडला नाही. पूर्वीचंच बरं होतं, म्हणाल्या. मला त्या दिवशी स्कालाचे साधू जरा जास्त समजले. रोज ज्याच्यासमोर गुडघे टेकायचे, ते कसं दिसावं यावर माणसाचा हक्क असतो, आणि तो हक्क चित्रकाराला आणि डागडुजी करणाऱ्याला सारखाच गैरसोयीचा असतो.

कॅराव्हाज्जोची इतर वेदीचित्रंही अशी परत आलेली आहेत. कोन्तारेल्ली चॅपलसाठीचा पहिला संत मॅथ्यू जुस्तिनियानीने घेतला. तो 1945 मध्ये बर्लिनमध्ये जळून गेला. सेंट पीटर्समधल्या एका वेदीसाठीची मरिया काही दिवसांतच उतरली आणि कार्डिनल बोर्गेझेच्या संग्रहात गेली, आजही तिथेच आहे. नाकारणारे चर्चवाले होते आणि उचलणारे श्रीमंत संग्राहक. पण सान्त आगोस्तीनो चर्चमधली 'लोरेतोची मरिया', जिच्यासमोर मळक्या तळव्यांचे यात्रेकरू गुडघे टेकून बसलेत, ती मात्र आपल्या मूळ वेदीवरच राहिली. तेव्हा मळके पाय दिसले की चर्च हाकलायचं, असा सरळ नियम करू नका. ते पाय यात्रेकरूंचे होते. मरियेचे नव्हते.

पुन्हा लूव्रला जाल तर एक करून बघा. ग्रांद गॅलरीत गर्दी मोनालिसाकडे धावत असते, त्यामुळे या चित्रासमोर बऱ्यापैकी जागा मिळते. आधी आठ-दहा पावलं मागे उभे राहा, मग जवळ जाऊन खाली बसा, फरशीवरच, पहारेकरी ओरडेपर्यंत. तुमची नजर माग्दालेनाच्या उंचीवर येईल. घंगाळ तुमच्या समोर, ताठ पावलं त्याच्या वर, आणि शिष्य उंच भिंतीसारखे. वेदीच्या पायरीवर गुडघे टेकलेल्या माणसाला साधारण हेच दिसलं असतं.

आणि रोमला जाल तर त्रास्तेव्हेरेत सांता मारिया देल्ला स्कालात डोकावा. सकाळी जा, कारण तिथली बरीच चर्चेस दुपारी कुलूप लावतात. साराचेनीची मरिया तिच्या देवदूतांसकट बसलेली आहे. शेजारीच कार्मेलाइट साधूंचं जुनं औषधालय आहे, बरण्या आणि मोजमापांसकट. ते पाहायला लोक जास्त येतात.